माळावरची एक खोली

जर्मनीला निघालो त्या सकाळी आप्पा मला सोडायला आले नाहीत. जीप शाळेपाशी थांबली, तेव्हा ते पायरीपर्यंत आले, खडूने माखलेला हात सदऱ्याला पुसून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "तू नीघ. शाळा बंद ठेवता येत नाही." माझे वडील त्या शाळेचे एकमेव शिक्षक होते, त्यांनी रजा घेतली की दाराला कुलूपच लागे. हे कळत असूनही ते वाक्य मी बरीच वर्षे मनात धरून बसलो.

शाळा तीन वस्त्यांची. ती कोणाच्या दारात बांधायची यावर एकमत होईना, म्हणून सर्वांपासून सारख्याच अंतरावर, उघड्या माळावर बांधली गेली. दगडी भिंती, वर पत्रा. चार वर्ग चार भिंतींकडे तोंड करून, एकमेकांना पाठ लावून बसत. आप्पा मधोमध उभे. मी पहिलीत असताना चौथीचा भूगोल पाठीमागून ऐकत असे. जग एवढे मोठे आहे, हे मला असे पाठमोरेच कळले.

निवृत्तीनंतरही आप्पा रोज नव्या गुरुजींच्या आधी जाऊन दार उघडत, झाडलोट करत. "आता तरी इकडे या," असे मी दर वर्षी म्हणे. "शाळा सुरू आहे रे," हे त्यांचे उत्तर ठरलेले.

कार्ल्सरूहेहून आम्ही रविवारी व्हिडिओ कॉल करतो. माझ्या मुलीला, रेवाला, मराठी समजते. बोलते मात्र जर्मन. आप्पांनी तिला एकदा सांगितले, "एका वर्गाला शिकवलं की बाकी तिघांना फुकट." ती म्हणाली, "प्राक्टिश," म्हणजे सोयीचं. अर्थ न विचारताच ते हसले.

गेल्या रविवारी मी सवयीने पुन्हा बोलावले. आप्पांचे उत्तर या वेळी वेगळे होते.

"आता यायला हरकत नाही. शाळा बंद झाली. वस्त्यांवर मुलंच उरली नाहीत, सगळी शहरात गेली." मग थट्टेच्या सुरात, "सुरुवात तूच केलीस म्हणा."

या होकाराची मी किती वाट पाहिली होती. तो मिळाला तेव्हा एक गोष्ट कळली. इतकी वर्षे इथे निर्धास्त राहिलो, ते माळावर रोज कोणीतरी दार उघडते आहे या भरवशावर. घर म्हणजे माझ्यापुरते तेवढेच उरले होते, आणि ते उघडे ठेवण्याचे काम मी म्हाताऱ्या वडिलांवर टाकून आलो होतो.

"तिकीट काढतो," मी म्हणालो.

"काढ. फक्त शाळेची किल्ली कोणाकडे देऊ, तेवढं सांग."

मला एकही नाव आठवले नाही.