पाठ घासून देणारी

मोरोक्कोतल्या तेतुआन शहरातल्या एका गल्लीतल्या बायका दर गुरुवारी हमामात, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, न्हायला जात. लहानपणी रहिमोला त्या दिवसाची धास्तीच असे. आई तिला दोन्ही गुडघ्यांत दाबून धरायची आणि खरखरीत हातमोज्याने अशी घासायची, की पोर किंचाळून अख्खा हमाम डोक्यावर घ्यायची. निघताना मात्र आई सोललेलं संत्रं हातावर ठेवी आणि सगळा राग विरघळून जाई.

आता त्याच हमामात रहिमो म्हाताऱ्या आईला न्हाऊ घालत होती. आईला पोटची पोरगीसुद्धा ओळखू येत नव्हती. सकाळी तिने चहा अंथरुणावर ओतला होता आणि आता दगडी ओट्यावर बसून ती साबणाचा हात झिडकारत होती.

"नीट बस ना गं! जीव नकोसा केलायस!" रहिमो खेकसली, आणि तिचं तिलाच भरून आलं. डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून ती आईकडे पाठ करून ओल्या फरशीवर बसली.

पाठीला खरखर लागली. आईने हातमोजा चढवला होता. जोर तोच, जुना.

"कुणाची गं तू? केवढा हा मळ! तुझी आई पाठ घासून देत नाही वाटतं?"

"देते की. पण फार जोरात घासते."

"मग बरोबर करते!" म्हातारीने तिला दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरलं. "रडू नकोस. जाताना संत्रं देईन."