कुपन कापलेली पानं

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधी उमगलं नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. त्याबद्दल आधीच माफी मागते. ही वही कुणाला दाखवायची नाही. पण मोठे साहेब निवृत्त झाले की आपापल्या केसेस लिहितात, आणि त्यांत त्यांची चूक झालेली एकही केस नसते. म्हणून म्हटलं, एक आपणही लिहावी. नावं कुणाचीच लिहीत नाही. वाईट वागले त्यांचीही नाही.

ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. माझ्या उजव्या हाताला ती अजून आठवते.

माझे मालक पोलिसात शिपाई होते. ड्युटीवर असताना गेले, आणि त्यांच्या जागी साहेबांनी मला लावून घेतलं. बायकांची अंगझडती घ्यायला बाईच लागते, आणि बोईसर बाजूच्या आमच्या ठाण्यात तेव्हा मी एकटीच बाई होते. सगळे मला वहिनी म्हणत. सांगितलेलं काम करायचं आणि "होय साहेब" म्हणायचं, एवढंच मी बोलत असे.

ठाण्यातले कागद मला भराभर वाचता येत नसत. वाचनाची सवय व्हावी म्हणून मी बोईसर स्टेशनाबाहेरच्या दुकानातून कॉमिक भाड्यानं आणू लागले. दिवसाला वीस पैसे. शेजारच्या मुलासाठी नेते असं सांगायची. चित्रं असली की अडलेला शब्द कळतो. त्यांत 'गुप्त सप्तक' नावाची मालिका होती. सात गुप्तहेर, प्रत्येकाला एकेक अचाट शक्ती. एक भिंतीतून आरपार जाई, एक दिवसभर पाण्याखाली राही. त्यांत एक बाई होती, नीरवा. तिला दहा कोसांवरचं ऐकू येई. सबंध पुस्तकभर ती गप्प असे आणि अगदी शेवटच्या चित्रात एकच वाक्य बोले. मला ती फार आवडायची. पण तिचं वाक्य मला कधी वाचायला मिळालं नाही. शेवटच्या पानाच्या मागे सप्तकाच्या बालमंडळाचं कुपन असे, आणि दुकानातल्या प्रत्येक अंकातलं ते कुणीतरी कात्रीनं कापून नेलेलं असे. कुपनाबरोबर शेवटचं चित्रही जाई. पानाला नुसतं चौकोनी भोक. दुकानदाराला विचारावं असं दर वेळी वाटे. कधी विचारलं नाही.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. एके सकाळी चहावाल्यानं खबर आणली. अणुकेंद्राकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर एक मासळीवाली रोज पाटी रिकामी झाल्यावरही बसून राहते. ट्रक गेला की कमरेच्या दोरीला गाठ मारते. आमचे फौजदार साहेब तरुण होते आणि त्यांना लवकर मोठं व्हायचं होतं. अणुकेंद्राचं नाव ऐकताच ते चहा टाकून उठले. तासाभरात ती बाई ठाण्यात आली. चाळिशीची, काळीसावळी, कपाळ मोकळं, पाटी काखेत.

हवालदारांनी दारातच विचारलं, "कुठल्या देशाची गं तू?"

"याच देशाची. बोंबील घ्याचे तर घे, नायतर वाट सोड."

झडती मी घेतली. कमरेला जाळ्याच्या सुताची हातभर लांब दोरी, गाठीच गाठी. चोळीत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं एक जाड निळं कार्ड. वर पंख असलेला डोळा, खाली कोपऱ्यात तिचा फोटो चिकटवलेला, आणि बाकी सगळी भलतीच अक्षरं: चांदण्या, बाण, त्रिकोण.

इथं मला थांबावं लागतं. कारण ते कार्ड हातात आलं त्याच क्षणी मी ओळखलं. पंखांचा डोळा म्हणजे गुप्त सप्तक. पाच कुपनं आणि टपालाचा खर्च पाठवला की मुलांना घरपोच येणारं ते कार्ड. त्या चांदण्या-बाणांची किल्लीसुद्धा प्रत्येक अंकाच्या दुसऱ्या पानावर छापलेली असे.

मी तोंड उघडलं नाही. काय सांगणार होते? साहेब, मी पोरांची चित्रं वाचते? अख्खं ठाणं हसलं असतं. मी ते कार्ड टेबलावर ठेवलं आणि बाजूला झाले.

फौजदार साहेबांनी कार्ड उलटंपालटं केलं, दोरी उजेडात धरली आणि म्हणाले, "परदेशी लिपी आहे. आणि या गाठी म्हणजे संकेत. कुणी दिलं हे तुला?"

"मना सांगाचा हुकूम नाय."

"कुणाचा हुकूम?"

"त्योच सांगाचा नाय तं!"

हवालदारांना हसू आलं, साहेबांना राग आला. दुपारपर्यंत तेच चाललं. धाक दाखवला, पाणी बंद केलं. ती ताठ बसून होती. मी आजवर पुष्कळ आरोपी पाहिले. चोर नजर चुकवतो, खोटी बाई आधी रडते. ही दोन्ही करत नव्हती. शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलीसारखी ती बसली होती. पण साहेबांनी चेहरा पाहिला नाही, कार्ड पाहिलं. म्हणाले, "पक्की तयार केलेली आहे. वहिनी, द्या दोन ठेवून."

मी दिल्या. दोन नाही, तीन. तिसरी कुणी सांगितली नव्हती. "बोल ना गं बाई, बोलून टाक," असं मला आतून ओरडावंसं वाटत होतं. तो राग मी तिच्यावर काढला. बोलायचं मी होतं आणि मार ती खात होती.

ती फक्त म्हणाली, "मार गो बाय. तुजी ड्युटी तुला, माजी ड्युटी मना."

तिला अटक दाखवली नाही, डायरीत नोंद केली नाही. मागच्या खोलीत मुद्देमालाच्या पेट्यांशेजारी बसवून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणे शहरातल्या जिल्ह्याच्या कचेरीतून मोठे साहेब जीप घेऊन तिला न्यायला आले. एकदा ती जीप निघाली असती तर हेर म्हणून ती कुठल्या कुठे गेली असती, आणि तिच्यासाठी कोर्टाची पायरी चढणारं कुणी नव्हतं. फौजदार साहेब कागद बांधत होते. मी डब्याच्या पिशवीतून कॉमिक काढलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. शब्द फुटेना, म्हणून दुसरं पान उघडून नुसतं बोट ठेवलं.

मोठ्या साहेबांनी किल्ली पाहिली, कार्ड पाहिलं, पेन्सिल घेतली आणि एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचलं, "मी रोज दूध पिईन. आईबाबांचे ऐकेन. सप्तकाचे रहस्य कुणालाही सांगणार नाही."

मग ते जे हसले! हवालदार हसले, जीपचा ड्रायव्हर हसला. फौजदार साहेब आधी लाल झाले आणि मग सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. "काय वहिनी, तुम्हीपण दूध पिता काय रोज?" मोठे साहेब जीपमध्ये बसून परत गेले. ती बाई भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होती. तिच्याकडे एकानंही पाहिलं नाही. बंदोबस्तात दगड खाल्लेत मी, पण त्या हसण्याएवढं मला काही लागलेलं नाही.

मी तिला पाणी दिलं आणि खरं काय ते सांगितलं. हे लहान मुलांच्या पुस्तकातलं कार्ड आहे. सरकारचं नाही. तुला कुणीतरी फसवलं.

तिनं कार्डावरच्या आपल्या फोटोवरून बोट फिरवलं. म्हणाली, "पोरांचा खेल हाय?"

"हो."

"मंग आठ म्हयने मी गाड्या मोजल्या त्या?"

मी भांडं पुन्हा भरून तिच्यापुढे ठेवलं.

"कोनालाच नको होत्या?"

मग तिनं सगळं सांगितलं. नवरा समुद्रात गेला. होडीवर बाईला कोण घेणार? होडीतला त्याचा हिस्सा विकून बाराशे रुपये आले होते. सफारीतला एक माणूस मासळी घ्यायला येई. तो म्हणाला, अणुकेंद्राच्या राखणीला सरकारला गुप्त माणसं हवीत. तुझ्यासारखी रस्त्यावर बसणारी बाई कुणाच्या ध्यानात येत नाही, तीच हवी. अनामत बाराशे, पगार वर्षानं एकदम. रोजच्या गाड्या मोजायच्या आणि मंगळवारी वाणगाव स्टेशनात येऊन आकडा सांगायचा. ती म्हणाली, "लिवता येत नाय तं गाठी मारल्या. एक गाडी चुकवली नाय गो. ताप आला तरी बसलेय."

तो भामटा हुशार होता तो इथंच. लुबाडलेल्या माणसाला शपथ घातली की तो फिर्याद करत नाही. उलट लुबाडणाऱ्याची राखण करतो.

माणूस सापडायला दोन दिवस पुरले. मी हवालदारांना घेऊन पुस्तकांच्या दुकानात गेले आणि इतके महिने न विचारलेला प्रश्न विचारला. कुपनं कोण कापतं? दुकानदार वैतागून म्हणाला, "तो एक सफारीवाला. गठ्ठ्यानं नेतो नि भोकं पाडून आणतो. मी बोललो की दोन रुपये जास्त टेकवतो." मी आधी विचारलं असतं तर? हा हिशेब मी पुष्कळदा केला आहे.

मंगळवारी वाणगावला साध्या वेशात फौजदार साहेब, हवालदार आणि मी, आणि पाटी घेऊन ती. तिला नेऊ नये असं साहेबांचं मत होतं. ती म्हणाली, "मंगलवारी माजी ड्युटी हाय. मी जानारच." तो फलाटावरच्या बाकावर शेंगा खात बसला होता. ती समोर जाऊन उभी राहिली आणि नेहमीसारखं म्हणाली, "साहेब, आकडा आनलाय." त्यानं मान वर केली, तेव्हा हवालदारांचा हात त्याच्या कॉलरवर होता.

कंत्राटदाराकडून काढून टाकलेला कारकून निघाला. पाम गावापासून सफाळ्यापर्यंत माणसं गाठली होती त्यानं, डोंगराकडचीही. कुणी बैल विकून पैसे दिलेले, कुणी बायकोची चांदी. चौकशीत जराही ओशाळला नाही. म्हणाला, "मी काय वाईट केलं? वर्षभर त्यांना सरकारी माणूस असल्यासारखं वाटलं. विचारा त्या बाईला, खूश होती की नाही." फौजदार साहेबांनी त्याला खुर्ची दिली होती, चहा दिला होता. शिकलेला होता ना. त्याला कुणी हात लावला नाही. हेही लिहून ठेवते.

त्याच्या ट्रंकेत पैसे मिळाले, कार्डं मिळाली आणि शेकडो कुपनं. पंचनाम्यासाठी मोजायला मला मागच्या खोलीत मुद्देमालाच्या पेट्यांसमोर बसवलं. मी ती उलटी करून वाचली. सगळे शेवट तिथं होते. प्रत्येकावर नीरवा, आणि तिचं एकच वाक्य, दर अंकात तेच: "मला पहिल्यापासून माहीत होतं."

मी पुन्हा ती मालिका हातात घेतली नाही. सबंध पुस्तकात माणसं मरतात, पूल कोसळतात, आणि या बाईला पहिल्यापासून माहीत असतं. शेवटच्या चित्रापर्यंत थांबते कशाला ती? इतकी वर्षं मला वाटे, लाजाळूपणा हा आपला स्वभाव, त्यानं कुणाचं नुकसान होत नाही. त्या पेट्यांसमोर बसून मला कळलं, की त्यानं दुसऱ्याच्या गालावर वळ उठतात. या केसनं मला शिकवलं ते एवढंच. साहेब लोक लिहितात तसं गुन्हेगारी मनाविषयी वगैरे मला काही कळलं नाही.

तो काही महिने आत बसला. सापडलेले पैसे कोर्टाच्या हुकमानं वाटले गेले, तेही कारकुनांच्या टेबलांवरून वर्षभर फिरून. तिच्या वाट्याला सातशे आले. "उरलेले विसर आता," असं तिला पालघरच्या कोर्टात सांगण्यात आलं. फौजदार साहेबांची बढती झाली. तो भामटा सुटून आला आणि त्यानं बोईसरच्या बाजारात वह्या-पेनांचं दुकान थाटलं. ते कशावर थाटलं, हे कुणी विचारलं नाही.

मी विचारायला गेले. वर्दी घालून नाही. वर्दीत गेले असते तर तो हप्ता झाला असता. सुट्टीच्या दिवशी, साडी नेसून, तिला बरोबर घेऊन. आत शाळकरी मुलांच्या आयांची गर्दी होती. तो म्हणाला, "या वहिनी, काय देऊ?"

या वेळी मी आधीच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हिचे पाचशे."

मग गप्प उभी राहिले. गप्प उभं राहणं मला चांगलं येतं. गिऱ्हाइकं एकमेकींना विचारू लागली, कसले पाचशे? तीही पाटी घेऊन शेजारी उभी. अर्ध्या तासानं त्यानं गल्ल्यातून पंचवीस काढून फेकले. तिनं ते उचलले नाहीत. म्हणाली, "हातात दे. मी हातात दिलेले." त्यानं दिले.

दर महिन्याला आम्ही जात राहिलो. तिनं सुताच्या दोरीला वीस गाठी मारून आणल्या होत्या, आणि दर पंचवीसला एक सोडी. मधे एकदा तो दुकान बंद करून बसला, आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. एकदा म्हणाला, "तक्रार करीन." मी म्हटलं, "चला, ठाणं मला माहीत आहे."

शेवटच्या महिन्यात त्यानं आम्हाला लांबून पाहिलं आणि नोटा हातात काढूनच ठेवल्या. तिनं त्या दोनदा मोजल्या, कनवटीला लावल्या, आणि शेवटची गाठ दातांनी सोडवली. दोरी दोन्ही हातांत ताणून मला दाखवली. सरळ होती.

"फिटले," ती म्हणाली. त्याच दोरीनं तिनं पाटीवरचं फडकं बांधलं, पाटी डोक्यावर घेतली आणि बाजारात शिरली.