बुटाची नाडी

रोहिदासच्या सेफ्टी शूजच्या नाड्या दोन वर्षं जयमाला बांधत होती. दिघीच्या खोलीत तो खुर्चीवर बसायचा, पाय पुढे करायचा आणि नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवायचा. बायको पायाशी बसलेली दिसायला नको. पुरुषमाणसानं मिरवावी अशी ही गोष्ट आहे का? पण वाकलं की कमरेत सुरी फिरायची, त्याला तो तरी काय करणार!

सुरुवात खरीच होती. चाकणच्या कंपनीत, पत्रा दाबायच्या प्रेसवर डायचा जड लोखंडी साचा सरकवताना कमरेत कट्‌कन आवाज झाला. महिनाभर पलंगावर काढला. पुढे डॉक्टर म्हणाले, भरलंय सगळं. एमआरआयतही काही नव्हतं. दुखणं मात्र गेलं नाही. सुपरवायझरनं त्याला स्टोअरमध्ये हलक्या कामावर बसवलं आणि शिफ्टमध्ये त्याचं नावच 'लाइट ड्यूटी' पडलं. तेव्हापासून कमरेचा पट्टा तो शर्टावरून बांधू लागला. दुखणं दिसत नाही, निदान पट्टा तरी दिसावा.

जयमाला मात्र चारचौघांत ठणकावून सांगायची, "ढोंग करणारा माणूस नाही आमचा." त्याच्या बाजूनं एवढी एकच होती.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी कंपनीत मशीनची पूजा, घरची माणसंही येतात. रोहिदास आधीच जाऊन आपल्या जुन्या प्रेसपाशी उभा राहिला. नव्या ऑपरेटरनं ग्रीसचे थर तसेच ठेवलेले. "अरे, आज हिची पूजा, आणि हा अवतार!" म्हणत त्यानं चिंधी उचलली. पट्टा अडायला लागला, तो काढून ठेवला. उकिडवा बसला, प्रेसखाली वाकून बोल्ट पुसले, हात उंच करून झेंडूची माळ बांधली. आपल्याला कंबर आहे याची त्याला आठवणही नव्हती.

"रोहिदासभाऊ!" मागून शिफ्टमधला विक्की ओरडला. "आज कंबर घरी ठेवून आलात का, राव?"

हशा पिकला. रोहिदासनं मान वर केली तर समोर जयमाला, ठेवणीतली साडी, हातात पेढ्यांचा पुडा. ती हसली नाही. तिनं फक्त तोंड फिरवलं.

आणि त्याच क्षणी त्याची कंबर अशी धरली की उठता येईना.

"ॲक्टिंग बघा भावाची," कोणीतरी म्हणालं.

त्या दिवशी पट्टा त्यानं शर्टाच्या आतून बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयमालानं नाड्या बांधल्या, पण वर न बघता. रोहिदासला आता स्वतःचीच खात्री वाटेना. आपण खरंच ढोंगी आहोत की काय?

शेवटी तिनंच त्याला भोसरीला उझ्मा मॅडमकडे नेलं. फिजिओथेरपीच्या त्या डॉक्टर. जयमालानं झालेलं सगळं सांगितलं आणि थेट विचारलं, "मॅडम, हे खोटं बोलतात का, तेवढं सांगा."

रोहिदास फरशीकडे बघत राहिला.

"नाही, वहिनी," मॅडम म्हणाल्या. "दुखणं मेंदू ठरवतो. धोका वाटला की तो दुखवतो. जखम भरली, पण यांचा मेंदू अजून पहाऱ्यावर आहे. प्रेस पुसताना भीती विसरली, दुखलं नाही. लोक हसले, पहारा परत बसला. दोन्ही खरंच."

रोहिदास हळूच बोलला, "आमच्या प्रेसला सेन्सर असतो. हात आत गेला की प्रेस थांबते. सेन्सरच्या काचेवर तेल बसलं, तर हात नसतानाही थांबते."

"मग प्रेस नाटक करते का?"

"नाही. थांबते ती खरीच. काच पुसावी लागते."

"तेच आपण करायचं. पट्टा सोडा. रोज थोडं थोडं वाकायचं, थोडं दुखलं तरी. आणि वहिनी, बूट त्यांचे त्यांना बांधू द्या."

जयमालाचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच बिघडवलं?"

"मायेनं केलंत. पण रोज सकाळी त्यांच्या कमरेला सांगत होतात, की तू मोडकी आहेस."

परतीच्या रिक्षात दोघंही बाहेर बघत होती. एकमेकांकडे कोणत्या तोंडानं बघणार?

दुसऱ्या दिवशी रोहिदास खुर्चीवर बसला. जयमालाचे हात सवयीनं पुढे आले. तिनं ते पदरात गुंडाळले. तो वाकला. सुरी फिरलीच. कपाळावर घाम आला, नाडी दोनदा सुटली. शेवटी बसली ती वेडीवाकडी गाठ.

"जया, त्या दिवशी तुलाही वाटलं ना, मी ढोंगी आहे?"

"वाटलं," ती म्हणाली. डोळे भरले होते, पण या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही. "दुसरा बूट घाला. कंपनीची बस जाईल."

गाठ फारच वाकडी होती. तिनं तिला हात लावला नाही.