पांढऱ्या काठीचा मानकरी

घोड्यांचा अधिपती म्हणवणारा हा लॉर्ड घोड्यांकडे फिरकतसुद्धा नाही. इंग्रजांच्या दरबारावरचं एक पुस्तक मी फ्रेंचमध्ये आणते आहे आणि असल्या मानकऱ्यांनी माझं डोकं खाल्लंय. दुसरा एकजण पांढरी काठी धरतो आणि राजा गेला की ती मोडतो. फ्रेंचमध्ये अशा लोकांसाठी शब्द होते, पण फ्रेंचांनी राजाचं डोकंच उडवलं, त्यामुळे ते शब्द आता भुसा भरलेल्या वाघासारखे दिसतात. इंग्रजी नाव तसंच ठेवावं, तर वाचणाऱ्याला कळणार कपाळ. शेवटी वैतागून मी काठीवाल्याला तळटीप लावली: 'मानाचं पद. प्रत्यक्ष काम काही नाही.'

त्याच तणतणीत काल मामेबहिणीच्या लग्नाला गेले. तिची थोरली बहीण सुमाताई करवली होती. पाय प्लॅस्टरमध्ये, तरी नवरीच्या मागे कऱ्हा-दिवा घेऊन उभी. मंगलाष्टकं म्हणणारी हौशी मंडळी थांबायचं नाव घेत नव्हती. ताईचा तोल जायला लागला, तशी मी पुढे झाले.

"दे ताई, मी धरते. नुसता दिवा तर धरायचाय."

"नुसता?" एवढंच ती म्हणाली. माझ्याकडे पाहिलंही नाही. कऱ्हा मात्र आणखी घट्ट धरला.

काठीवाल्यासाठी धड फ्रेंच शब्द मला अजून मिळालेला नाही आणि तो मिळेपर्यंत माझी चिडचिड थांबणार नाही. घरी आल्या आल्या तळटीप तेवढी खोडून टाकली.