‘आत कोण?’ काढणारे आबा मिस्त्री

गळीत हंगाम सुरू होण्याच्या दिवशी मिलमधल्या शिवाजीचा उजवा हात गव्हाणीत गेला. गव्हाणीचा खटका आबा मिस्त्रींनी दाबला होता.

त्या दिवसानंतर आबांनी कुठलंच दार विचारल्याशिवाय लावलं नाही. घराचं, गोदामाचं, आमच्या वाचनालयाचं. कडीला हात घालायचे, मान आत करायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "आत कोण हाय?" उत्तर आलं नाही तरी थोडा वेळ तसेच उभे राहायचे. मिलमधले लोक चेष्टा करत. "आबा, जेवणाचा डबा झाकताना बी इचारता का?" आबा शांतपणे म्हणत, "इचारतो की. परवा मुंगी निघाली." सगळे हसत, आबाही हसत. कडी मात्र मग फार हळू लागे.

कारखाना कृष्णाकाठचा, सांगलीकडच्या अंगाचा. मी मूळचा वाईचा. कारखान्याचं वाचनालय सांभाळायचो आणि कामगार कल्याण कचेरीत लिहिण्याचं काम करायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. आबा माणदेशातले, दहिवडीच्या बाजूचे. तरुणपणी मुंबईच्या गिरणीत होते, नंतर इकडे मिल मिस्त्री म्हणून आले. खांद्यावर टॉवेल, कानामागे विडी. ती विडी ते कामावर कधी पेटवत नसत. "वास घेतला की भागतं," म्हणत.

गव्हाण म्हणजे उतरवलेला ऊस ज्या हलत्या पट्ट्यावरून चरकाकडे जातो ती. बाहत्तरचा दुष्काळ सरून ऊस पुन्हा उभा राहिला होता. त्यामुळे त्या वर्षीच्या मोळीपूजनाला गावोगावचे लोक आले होते. चेअरमन गव्हाणीत टाकायची उसाची मोळी हातात घेऊन उभे होते. भटजींनी मुहूर्त सांगितला होता. गव्हाणीच्या काठावर नारळ फोडला, तेव्हा त्याची एक वाटी आत घरंगळली. देवाचा नारळ यंत्राखाली कसा जाऊ द्यायचा, म्हणून शिवाजी ती उचलायला खाली उतरला. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं त्याला वाटलंही नसेल. नियम असा होता की आधी घंटा द्यायची, मग खटका दाबायचा. आबांनी घंटा दिली. त्याच वेळी आरती चालली होती, हलगी वाजत होती, दोन-तीन घंटा आधीच घणघणत होत्या. आबांची घंटा त्यांत मिसळून गेली. भटजींचा हात खाली आला आणि आबांनी खटका दाबला.

चौकशीत सगळ्यांनी घंटा ऐकल्याचं सांगितलं. मीही सांगितलं, आणि ते खरंही होतं. आबा निर्दोष ठरले. त्या संध्याकाळी ते वाचनालयात आले आणि मासिकांच्या टेबलापाशी बसून राहिले. उठताना म्हणाले, "मास्तर, घंटा वाजीवली मी. पर इचारलं न्हाई."

माणूस सुटला की आपलं काम झालं, असं आम्ही समजत होतो. आबांना ते सुटणं कधी सोसलं नाही.

पुढं हंगाम जोरात असताना एकदा ते पुन्हा आले. "मास्तर, आपण एक पेपर काढू."

"कसला पेपर, आबा?"

"हातापायाचा. कुणाचं बोट कसं गेलं, कोण कुठं घसारला, का घसारला. मिलमधल्या मानसानं मिलमधल्या मानसासाठी."

कचेरीत सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. कल्याण अधिकारी साहेबांनाही कल्पना आवडली. त्यांनी ‘सुरक्षा संदेश’ असं नाव सुचवलं. आबा म्हणाले, "संदेश कोण वाचतंय साहेब? ‘आत कोण?’ म्हना. नाव वाचलं तरी निम्मं काम झालं." नाव तेच राहिलं. पत्रक महिन्याला निघायचं आणि पगाराच्या दिवशी वाटलं जायचं, कारण त्या दिवशी कुणी गैरहजर नसे.

आबा सांगत, मी लिहून घेई. लिहिलेलं वाचून दाखवलं की ते डोळे मिटून ऐकत. मी "कामगारांनी सैल वस्त्रे परिधान करू नयेत" असं लिहिलं तर म्हणत, "हे कुनाला सांगाय लागलाय? ‘गणपा, तुझ्या धोतराचा सोगा पट्ट्यात जाईल’ असं लिवा." नावानिशी लिहिल्यावर गणपा चिडला. पुढच्या पगाराला भर रांगेत आबांना म्हणाला, "आवं आबा, माझी सोयरीक जुळत आलीया, आन् तुमी माझं धोतार छापता?" आबा म्हणाले, "पाय शाबूत ऱ्हायला तर सोयरीक हुईल रं गड्या." गणपा त्या दिवसापासून विजार घालू लागला. त्याचं लग्नही झालं.

खंडेनवमीला मात्र आबा संतापले. त्या दिवशी मिलमधल्या यंत्रांची पूजा असते. लोकांनी ‘आत कोण?’चा अंक गव्हाणीजवळच्या खांबावर चिकटवला आणि भक्तिभावानं त्याला हळदकुंकू वाहिलं, वरून झेंडूचा हार घातला. एक अक्षर वाचता येईना. आबा खांबापुढं उभे राहून ओरडले, "देवाला वाचाय दिलंय व्हय रं?" अंक काढायला कुणी धजलं नाही, कारण आता त्याची पूजा झाली होती.

या सगळ्यात एक गोष्ट अडून राहिली होती. दर महिन्याला आबा म्हणत, "या बारीला त्या दिवसाचं घाला. माझ्या नावानं. घंटा दिली पर इचारलं न्हाई, असं." मी लिहून साहेबांकडे नेई. साहेब ते बाजूला ठेवत. शेवटी त्यांनी आबांना बोलावलं. "आबा, चौकशीत तुम्ही सुटलात. पुन्हा कशाला अंगावर ओढून घेता?"

"सुटलो न्हवं साहेब, तुमी सोडलं."

साहेब चांगले होते. त्यांना राग आला नाही. "शिवाजीला विचारा," एवढंच म्हणाले.

शिवाजीला कारखान्यानं फाटकावर पहारेकरी म्हणून घेतलं होतं. डाव्या हातानं सलाम करायचा. वर्षभर आबा फाटकातून जाताना मान खाली घालत आणि शिवाजी रस्त्याकडे बघत राही. त्या दिवशी मी आबांबरोबर गेलो. आबांनी विचारलं, पण शिवाजीकडे न बघता, फाटकाच्या गजांकडे बघत विचारलं.

शिवाजी म्हणाला, "छापा आबा. पर माझं बी छापा. नारळ उचलाय मी न सांगता उतारलो. तुमच्या एकल्याच्या नावावर कशाला? हात माझा हुता."

आबा टॉवेल तोंडाला लावून तसेच वळले.

तो अंक मोळीपूजनाच्या आदल्या दिवशी निघाला. दोघांची नावं, दोघांचे शब्द. मी त्यातला एकही बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गर्दी, तीच आरती, हलगी. चेअरमनांच्या हातात मोळी. आबा खटक्यापाशी. भटजींचा हात खाली आला. आबांनी खटका दाबला नाही. हात वर करून हलगी थांबवली आणि ओरडले, "आत कोण हाय? एकेकानं नाव घ्या आन् कुठं हाय ते सांगा."

भटजी म्हणाले, "अहो मिस्त्री, मुहूर्त टळतोय!"

"टळू द्या."

चेअरमनांचा चेहरा लाल झाला. गव्हाणीवरच्या माणसांनी एकेक करून नावं घेतली. गणपानं घेतलं, बाकीच्यांनी घेतली. सगळी झाली तरी आबांचा हात खटक्यावर जाईना. ते अजून वाट बघत होते. मला वाटतं, कुणाची ते त्यांनाही कळत नसावं. तेवढ्यात मागून, फाटकाकडून, मोठ्यानं आवाज आला, "शिवाजी! भाईर हाय, आबा. भाईर हाय!"

मग गव्हाण सुरू झाली. मुहूर्त टळलेला होता.

मला वाटलं होतं, आता आबा मोकळे होतील. मी तसं म्हणूनही गेलो, "झालं ना आबा, आता?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "त्याचा सलाम बघितला का, मास्तर?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही. काही ओझी उतरवायला मदत करता येते, असं मी पुस्तकांत वाचलं होतं. आबांना त्यांचं ओझं उतरवायचंच नव्हतं. ते नीट धरता यावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्यासाठी त्यांनी तो पेपर काढला होता.

आबा निवृत्त होऊन गावी गेले आणि वर्षाच्या आत वारले. निरोप उशिरा मिळाला. शिवाजी आणि मी एसटीनं गेलो तोवर दिवसकार्य उरकलं होतं. आबांच्या कारभारीणबाई आमच्याबरोबर स्टँडपर्यंत यायला निघाल्या. त्यांनी दार ओढलं, कडीला हात घातला आणि मान आत करून म्हणाल्या, "आत कोण हाय?"

मग त्यांच्या लक्षात आलं. शिवाजीनं डाव्या हातानं कडी लावली.

आबा गेल्यावर मी दोन अंक काढले. सांगायला कुणी नव्हतं, माझी भाषा पुन्हा माझ्यासारखी झाली आणि पत्रक बंद पडलं. गव्हाणीजवळच्या खांबावरचा तो अंक अजून आहे. दर खंडेनवमीला त्यावर नवं हळदकुंकू चढतं, अक्षर दिसत नाही. शिवाजीचा मुलगा आता मिलमध्ये आहे. तो सांगतो, खटका दाबायच्या आधी नावं घेतात.