माझ्या वाटचे पत्ते

अख्ख्या अकोला जिल्ह्यात माझ्या इवायाइतका अभ्यासू माणूस नाही, आणि त्यांनी अभ्यासाला घेतली तितकी बिनकामाची गोष्टही नाही. इवाई म्हणजे माझ्या सुनेचे वडील. जन्मभर एका डॉक्टराकडे कंपाउंडर होते. निवृत्त झाल्यावर लोक पोथी धरतात, काठी धरतात. यांनी पोकर धरला. दिवाळीत आलेल्या मुलानं शिकवला अन् तो निघून गेला. अकोल्यात जोडीला कोणी मिळेना, म्हणून अमरावतीचा मी सापडलो. विहीणबाईंनी ठणकावलं, "पैशाचा खेळ माह्या घरात चालनार नाही." तेव्हा आम्ही चिंचोके लावून खेळतो.

मी चौथी शिकलेला माणूस, पण या खेळात शिकण्यासारखं आहे काय? पाच पत्ते घ्यायचे, चिंचोके लावत जायचं, ज्याचे पत्ते भारी त्याचा ढीग. पत्ते हलके असले तर भारी असल्याची हूल द्यायची, नाहीतर पत्ते टाकून डाव सोडायचा. हे शेवटचं मला मंजूर नाही. आमच्या घराण्यात कोणी धरलेलं भांडणसुद्धा खाली टाकलं नाही. इवाई मात्र डावामागून डाव शांतपणे सोडतात. हटकलं तर म्हणतात, "दवा कमी पडली तं वाढवता येते, इवाई. जास्त झाली तं काढता येत नाही."

सरावाचे डावही ते दवेसारखेच घेत. एक उपाशीपोटी, एक जेवणानंतर. बाजेवर दोघांचे पत्ते वाटायचे, दोन्हीकडून स्वतःच खेळायचं, अन् मग सगळे पत्ते उलगडून कोण कुठं चुकला ते बघत बसायचं. एकदा न कळवता गेलो तर आत भलतंच चाललेलं. इवाई उठले, बाजेला वळसा घालून समोर बसले, खुंटीवरची पांढरी टोपी डोक्यात घातली, नसलेल्या मिशीला पीळ दिला अन् पत्ता आपटून गरजले, "आमच्या घराण्यात कोनी पत्ते टाकले नाही!"

"हे कोन होय?" मी दारातूनच विचारलं.

ते जरासुद्धा लाजले नाहीत. "तुमी होय. बसा. आत्ताच हरले."

वर फुकटचा सल्ला दिला, "हूल देतानी तुमचा हात मिशीवर जाते." पुढच्या खेपेला मी नाकाखाली दुपट्टा गुंडाळून बसलो. विहीणबाई घाबरल्या, "दाढ दुखून राहिली का?" तरी हरलो, कारण हात दुपट्ट्यावर जाऊ लागला.

माझ्या मोतीबिंदूच्या वेळी जाणं बंद झालं, तर रोज फोन. "आज तुमी सारे चिंचोके हरले." मी भडकायचो, "मी घरी बसून कसा हरलो? तसा पत्ता मी खेळलोच नसतो!" "खेळले. म्या टोपी घालून पाह्यलं."

यंदा इवायांच्या छातीचं ऑपरेशन झालं. घरी आले, पण भिंतीकडे तोंड करून पडलेले. पत्ते कपाटात. सून रडत सांगायची, बाबा बोलत नाहीत, ताट परत पाठवतात. एका दुपारी मी फोन लावला.

"इवाई, इथं दोघाचे पत्ते वाटले होते. तुमी जितले. म्या पत्ते टाकून देल्ले."

पलीकडून हळूच आवाज आला, "काय होतं तुमच्याजवळ?"

"तीन राजे."

"अन् माह्याजवळ?"

"काईच नाही. साधी जोडीबी नव्हती."

"तीन राजे असून टाकले? डोकं हाये का खोकं! गाढव आहा तुमी, इवाई! थांबा, पत्ते काढाले लावतो. पयल्यापासून सांगा." मागून विहीणबाई म्हणाल्या, "आंधी खिचडी खा." तर यांचा आवाज आला, "आन इकडं!"

तीन राजे नव्हते. मी पत्ते वाटलेच नव्हते. माझी ही एकच हूल त्यांना आजवर कळली नाही, कारण फोनवर मिशी दिसत नाही. डॉक्टरानं बसायची परवानगी दिली की मी अकोल्याला जाणार आहे. समोर बसलो की लगेच पकडतील. दुपट्टा मात्र या खेपेला घरीच ठेवतो.