शनिवारी बसायचंय

निवृत्तीभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांनाच फोन लावायच्या बेतात होते. समोर आमच्या नाट्यसंस्थेच्या सरकारी अनुदानाचा अर्ज होता आणि ‘प्रेक्षकवर्ग विस्तारासाठी योजलेल्या उपाययोजना’ या रकान्यापाशी मी अडले होते. उपाययोजना म्हणजे निवृत्तीभाऊ, पण तसं लिहून चालत नाही. तेवढ्यात त्यांच्याच नंबरवरून फोन आला. “शंभर वर्षं आयुष्य आहे भाऊ तुम्हाला,” मी म्हटलं. पलीकडे शोभावहिनी होत्या. “बाई... हे सकाळी गेले.”

मला आधी वाटलं ते दुःख नव्हतं, भीती होती. तीन आठवड्यांवर प्रयोग, त्याला अनुदान समितीचे अधिकारी पाहणीला येणार, आणि प्रेक्षक बोलवायला कारखान्याच्या गेटवर आता जाणार कोण? रिकामा हॉल दिसला तर अनुदान बंद, आणि अनुदान बंद म्हणजे आम्ही बंद. माणूस अजून घरात होता आणि मी खुर्च्यांचा विचार करत होते. हे लिहायला लाज वाटते, पण त्यांना नवल वाटलं नसतं.

भाऊ सातपूरच्या कारखान्यात फिटर, मी कॉलेजात मराठी शिकवणारी. आमच्याकडे ते पहिल्यांदा आले ते नेपथ्यातला मोडका दरवाजा नीट करायला. काम झाल्यावर तालीम बघत बसले आणि उठताना विचारलं, “हे बघाया येतं कोण?” आम्ही एकमेकांकडे बघितलं. आम्हीच यायचो, आमचे नातेवाईक यायचे, आणि ज्यांच्या नाटकाला आम्ही जात असू ते परतफेड म्हणून यायचे. पुढच्या प्रयोगाआधी भाऊ पाळी सुटताना गेटवर उभे राहिले. ‘सामाजिक आशयाचे प्रायोगिक नाटक’ अशी मी लिहिलेली पत्रकं त्यांनी पिशवीतून काढलीच नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला एवढंच म्हणाले, “शनिवारी बसायचंय. सहाला, हॉलवर.”

आता चार पुरुषांत ‘बसायचंय’ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. हॉल भरला. दोघातिघांच्या खिशात शेंगदाण्याच्या पुड्या होत्या. पडदा उघडला तरी ग्लास दिसेनात, तेव्हा मागून आवाज आला, “निवृत्त्या, फसवलं का रे?”

“बसायचंय म्हणलो व्हतो. बसलाय ना? मग गप बस.”

मध्यंतरात निम्मे उठून गेले. उरलेल्यांनी शेंगदाणे संपवले आणि नाटकही संपवलं. मी भाऊंना म्हटलं, ही फसवणूक आहे. “चुकून झालं हो बाई. मी खरंच बसायलाच बोलावलं व्हतं.” ते खरं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढे त्या गेटवर ‘बसायचंय’ या शब्दाला पोटअर्थ फुटला. “काय भाऊ, या शनिवारी ओलं का कोरडं?” असं लोक विचारायचे, आणि कोरडं म्हटल्यावरही त्यातले काही यायचे.

पण प्रयोगाच्या दिवशी हाच माणूस भयंकर घाबरायचा. समितीची पहिली पाहणी होती त्या वर्षी मीही घाबरले आणि सुचवलं, माझ्या वर्गातली मुलं आणून बसवू, हजेरी लावते म्हटलं की येतील. इतर संस्था शाळेच्या बसच्या बस भरून आणत, मग गणवेशातल्या जांभया देणाऱ्या रसिकांचे फोटो अहवालाला जोडत. भाऊ म्हणाले, “पोरं येतील हो. पण जन्मात परत नाटकाला येतील का?” मी नाद सोडला. अधिकारी आले तेव्हा हॉलमध्ये मोजकी माणसं होती, त्यातली काही पहिली पाळी करून आलेली, डोळे जड झालेली.

“एवढेच?” साहेबांनी विचारलं.

“एवढे आले, साहेब,” भाऊ म्हणाले. अहवालात शेरा आला, ‘उपस्थिती अल्प, परंतु स्वेच्छेने.’ सरकारी मराठीत मी वाचलेलं हे सर्वांत सुंदर वाक्य. अनुदान टिकलं.

भाऊंच्या शोकसभेला मात्र हॉल गच्च भरला. रंगभूमीचा निष्ठावंत सेवक, असं तीन वक्त्यांनी त्यांना म्हटलं. त्या तिघांपैकी एकही आमच्या नाटकाला कधी आलेला नव्हता.

मग मीच गेटवर गेले. भोंगा झाला, माणसं बाहेर पडली आणि पाठ करून नेलेलं ‘आपण अवश्य उपस्थित राहावे’ तोंडातून निघेना. माझ्या दोन्ही बाजूंनी मोटरसायकली वाहत होत्या. निम्मं गेट रिकामं झालं तेव्हा एक जण गाडी थांबवून म्हणाला, “भाऊ कुठंयत? दिसले नाय लय दिवसांत.” मी सांगितलं. त्याने हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं. “मग शनिवारचं?”

“बसायचंय,” मी म्हटलं.

तो हसला नाही. “कोरडं?”

“कोरडंच.”

त्याने मान हलवली आणि गेला. येतो म्हणाला नाही.

शनिवारी अधिकारी वेळेआधी येऊन तिसऱ्या रांगेत बसले, मांडीवर वही. मला हॉलकडे बघवेना म्हणून मी विंगेत गेले. तिथल्या प्लायवूडला हॉल दिसेल असं एक भोक आहे, फिटरच्या हाताने नीट पाडलेलं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. त्याच्यावर कपाळाच्या तेलाने काळपट डाग पडला आहे. इतकी वर्षं प्रत्येक प्रयोगाआधी हा माणूस इथे डोकं टेकून घाबरत उभा राहिला असणार. माझा डोळा तिथे पोचेना. मी खोका ओढून त्यावर चढले, कपाळ त्याच डागावर टेकलं. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. सगळ्या नाही.

“बाई, तिसरी घंटा देऊ ना? साहेब घड्याळ बघतायत,” मागून कुणीतरी म्हणालं.

“थांब,” मी म्हटलं. “दारात दोघं चपला काढतायत.”